पाटीची मागची बाजू

उल्हास तोडकरांच्या घरातल्या फ्रीजच्या दारावर एका मंगळवारी दुपारी ‘आमटी छान झालीय’ अशी अक्षरं उमटली, आणि वैजयंताबाईंच्या हातातली पळी सरळ पातेल्यात बुडाली.

फ्रीजवर अक्षरं उमटण्याचं नवल नव्हतं. मिरजेत आता फ्रीजला पडदा होता, पिठाच्या गिरणीला पडदा होता, नाक्यावरच्या दुकानात तर चपलांच्या कप्प्यालाही पडदा होता आणि तो ‘पुन्हा या’ म्हणायचा. नवल हे की ते वाक्य उल्हासरावांचं होतं.

उल्हासराव एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. सगळी नोकरी त्यांनी मिरज स्टँडवरच्या खिडकीत बसून भोंग्यातून गाड्या पुकारण्यात घालवली. दिवसभर एवढं बोलून झाल्यावर घरी येताना त्यांच्यापाशी शिल्लक काही उरायचं नाही. नाव उल्हास, पण त्याचा पुरावा घरात कुणाला सापडला नव्हता. आमटीवर आजवर त्यांनी दिलेलं सर्वांत भरघोस मत ‘बरी आहे’ हे होतं, आणि तेही दिवाळीत.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू आणि जीभ बेमुदत संपावर गेली. डोकं मात्र ड्युटीवर होतं. अशा माणसांसाठी आता चिप निघाली होती. बोलायचं ठरवलं की जीभ हलवण्याचा हुकूम मेंदूतून सुटतो. कवटीखाली बसवलेली तांदळाच्या दाण्याएवढी चिप तो हुकूम वाटेतच वाचते आणि सर्वांत जवळ जो पडदा असेल त्याच्यावर अक्षरांत उतरवते. कुठल्याही पडद्यानं ही अक्षरं दाखवलीच पाहिजेत, असा कायदाच झाला होता, म्हणजे पेशंट न्हाणीघरात पडला तर त्याला गीझरवरूनसुद्धा हाक मारता यावी.

वैजयंताबाईंनी पळी तशीच सोडून पुण्याला मुलीला फोन लावला.

“केतू, पप्पा बोलले.”

“काय झालं? कुठं दुखतंय?”

“दुखत काही नाही. आमटी छान झालीय म्हणाले.”

केतकी म्हणाली, “ताप आहे का बघ.”

हा फोन आला तेव्हा केतकी पुण्यात बसून लातूरच्या एका बसथांब्यावरच्या फलकाची भानगड निस्तरत होती. त्या फलकावर प्रत्येक ओळ उजव्या टोकाला गेली की कलंडून खालच्या ओळीवर पडत होती, आणि लोक मान वाकडी करून गाड्यांची वाट बघत होते. केतकीचं कामच हे. ती ‘पाटी’ सांभाळायची.

पाटी हा टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्राम. टर्मिनल म्हणजे जुन्या काळी मोठ्या संगणकाला वायरीनं जोडलेला नुसता पडदा आणि कळफलक. स्वतःची अक्कल शून्य. वरून अक्षर आलं की दाखवायचं, हुकूम आला की पाळायचा. ते यंत्र केव्हाच भंगारात गेलं, पण त्याची नक्कल राहिली, कारण प्रोग्रामर मंडळी जुनी सवय आणि जुनी चप्पल सोडत नाहीत. चिप बनवणारेही त्याच जातीचे. दाण्याएवढ्या चिपला चित्रं पाठवणं झेपत नाही, अक्षरं झेपतात, म्हणून त्यांनी तिला टर्मिनलचीच भाषा शिकवली. ही भाषा वाचायचं काम देशातल्या बहुतेक पडद्यांवर पाटी करायची. पाटी फुकट होती. तिला सांभाळायला चौघं होती. त्यातल्या एकानं गोव्यात योगवर्ग काढला, एक उत्तरं देत नव्हता, आणि एक प्रत्येक तक्रारीखाली हसऱ्या तोंडाचं चित्र टाकायचा. उरली केतकी.

या पाटीला दोन बाजू होत्या, अगदी शाळेतल्या पाटीसारख्या. पुढच्या बाजूला बाईंना दाखवायचं, मागच्या बाजूला कच्चं करायचं आणि तळहातानं पुसून टाकायचं. माणूस बोलण्याआधी मनात वाक्य जुळवतो, निम्मं खोडतो, त्यातलं एखादंच तोंडापर्यंत येतं. हे कच्चं ठेवायला चिपच्या पोटात जागा नाही. म्हणून ती पाटीला हुकूम देते, ‘पालथी हो’, मागच्या बाजूला कच्चं लिहिते, तिथूनच परत वाचून सुधारते, आणि माणसानं खरोखर बोलायचं ठरवलं की ‘सुलटी हो’ म्हणून पक्कं वाक्य पुढं मांडते. मागची बाजू पडद्यावर कधी येत नाही. निदान येऊ नये अशी अपेक्षा असते.

त्या आठवड्यात केतकीकडे विचित्र तक्रारी येऊ लागल्या. भुसावळहून एका सूनबाईंनी लिहिलं होतं, ‘आमचे सासरे हॉलमध्ये सभ्य आहेत, स्वयंपाकघरात नाहीत. कृपया दुरुस्त करणे.’ अकोल्याहून एकानं कळवलं होतं, ‘आईला फ्रीजजवळ नेलं की ती मावशीबद्दल बोलते. मावशी आमच्याकडेच राहते.’ सगळ्यांचा फ्रीज एकाच कंपनीचा. शीतलक्ष्मी. वैजयंताबाईंचाही तोच.

केतकीच्या धंद्यात याला प्लॅटफॉर्मचा बग म्हणतात. एकच प्रोग्राम टॅबवर शहाण्यासारखा वागतो, गीझरवर शहाण्यासारखा वागतो, आणि एकाच जातीच्या यंत्रावर गेला की सुटतो. शाळेत गुणी आणि आजोळी वांड अशा पोरासारखा. त्याला पकडायचं तर आजोळी जाऊन बसावं लागतं. तरी तिनं आधी शीतलक्ष्मीच्या कचेरीत फोन करून बघितला. तिथं निनाद नावाचा एक अत्यंत सालस इंजिनिअर होता.

“मॅडम, आमच्याकडे चालतंय.”

“तुमच्याकडे म्हणजे कुठं?”

“लॅबमध्ये.”

“लॅबमधल्या फ्रीजसमोर कोण बसतं?”

“कोणी नाही. फ्रीजमध्ये आमचे डबे असतात.”

“मग तो कुणाचं बोलणं दाखवतो?”

निनादनं बराच विचार केला. “तसं बघायला गेलं तर मॅडम, तिथून तक्रार एकही नाही.”

केतकीनं लॅपटॉप पिशवीत टाकला आणि मिरजेची गाडी धरली.

घरात शिरताच तिच्या लक्षात आलं की पप्पांची चाकाची खुर्ची हॉलमधून हलली आहे. ती आता स्वयंपाकघरात होती, गॅसच्या ओट्याकडे तोंड करून. मागं, हातभर अंतरावर, फ्रीज. म्हणजे पप्पांचं बोलणं फ्रीजवर उमटायचं, आणि पप्पा सोडून सगळ्यांना दिसायचं.

“पप्पांचा टॅब कुठाय?”

“चार्जिंगला,” आई म्हणाली.

“कधीपासून?”

“बॅटरी मोठी आहे त्याची.”

केतकीनं बापाच्या गळ्यात हात टाकला. त्यांनी डावा डोळा मिचकावला. फ्रीजवर आलं, ‘केतकीचे आगमन झालेले आहे.’ हे त्यांचं नेहमीचंच. चिपनं आवाज परत दिला, पण भोंगा गेला नाही. आणि लगेच खाली दुसरी ओळ, ‘वाळलीय पोर. विचारलं तर चिडेल.’

केतकी त्या ओळीकडे बघत राहिली. चिडायचं की नाही ते तिला ठरवता येईना.

रविवारी दुपारी उल्हासरावांचे साडू शशिकांतराव आणि वैजयंताबाईंची थोरली बहीण सुमनताई इचलकरंजीहून जेवायला आले. बेत पुरणपोळीचा. पाहुण्यांसमोर खुर्ची हॉलमध्ये न्यावी, असं केतकी म्हणाली. टेबल इथंच आहे, असं आई म्हणाली. फक्त खुर्ची टेबलाकडे फिरवली. फ्रीज पप्पांच्या पाठीशीच राहिला.

आता आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करण्याची रीत आहे. यजमानानं ‘घ्या’ म्हणायचं, पाहुण्यानं ‘नको’ म्हणायचं, आणि दोघांनीही एकमेकांवर विश्वास ठेवायचा नाही. या एका रीतीत माणूस जितकं मनात एक आणि ओठांवर एक करतो, तितकं कोर्टातही करत नसेल. चिपची इतकी कडक परीक्षा कुठल्याच लॅबनं घेतली नव्हती.

‘शशिकांतराव, आणखी एक पोळी घ्यावी ही विनंती,’ फ्रीजवर आलं.

“नको, नको. फार झालं,” म्हणत शशिकांतरावांनी ताट पुढं केलं.

फ्रीजवर खालची ओळ आली. ‘चौथी. पुरण संपवणार हा.’

शशिकांतराव वाचून हसले. “उल्हासराव विनोदी झाले की. बरं आहे.”

उल्हासरावांना कशाबद्दल हसताहेत ते कळलं नाही, पण पाहुणा हसतोय म्हणजे आणखी आग्रह करायला हवा. ‘संकोच करू नये. तूप घ्यावे. घर आपलेच आहे.’ आणि खाली, ‘घरी काय मिळतं बिचाऱ्याला. सुमनताईची पोळी म्हणजे सीटचं रेक्झिन.’

सुमनताईंनी घास ताटात परत ठेवला. शशिकांतरावांचा चेहरा असा झाला, की मत पटलंय पण मांडायची ही जागा नव्हे. वैजयंताबाई उठून उगाच लोणच्याची बरणी शोधू लागल्या.

एकटी केतकी मजकूर वाचत नव्हती. ती ओळींची चाल बघत होती. एक पक्की, एक कच्ची. एक पक्की, एक कच्ची. पोळीचा घास तोंडात असतानाच तिला उलगडलं. ‘पालथी हो’ हा हुकूम येतोय, आणि फ्रीज तो ऐकतच नाहीये. त्याला मागची बाजूच नाही. सगळं एकाच बाजूला लिहून मोकळा होतोय.

“निघतो आम्ही,” सुमनताई म्हणाल्या.

‘काय झाले? ताक घ्यावे,’ फ्रीज म्हणाला.

उल्हासरावांची नजर प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून फिरली आणि केतकीवर येऊन थांबली. केतकी उठली आणि तिनं त्यांची खुर्ची फ्रीजकडे वळवली.

त्यांनी वाचलं. वरून खाली, सावकाश, गाडीची पाटी वाचावी तसं. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू लाल झाली. पडद्यावर नवी ओळ आली.

‘हे मी बोललो नाही.’

आणि तिच्या खाली पुन्हा, जशीच्या तशी,

‘हे मी बोललो नाही.’

एक मनातली, एक तोंडातली. कुठली कुठली ते केतकीलाही सांगता आलं नसतं.

पाहुणे गेल्यावर केतकी भांडी विसळणाऱ्या आईशेजारी जाऊन उभी राहिली.

“तुला माहीत होतं, हे त्यांच्या मनातलं येतंय.”

“पहिल्या दिवसापासून.” आईनं मान वर केली नाही. “आमटी छान म्हणाले ना, तेव्हाच. तोंडानं म्हणाले असते तर मीच दवाखान्यात नेलं असतं.”

“आणि तू खुर्ची आणून ठेवलीस.”

“हो. आणि दुपारी सगळं आवरलं की मी ते मागचं वर सरकवून वाचते. ठेवतो तो फ्रीज सगळं.” आईनं ओले हात पदराला पुसले, फ्रीजकडे गेली आणि सराईतपणे बोट फिरवून जुन्या ओळी वर आणल्या. उल्हासराव तेव्हा आतल्या खोलीत पडले होते. “वाच.”

केतकीला वाचायचं नव्हतं. डोळे आपोआप गेले.

‘हिचा गुडघा आज जास्त दुखतोय.’

‘हिरवी साडी. हीच नेसावी रोज.’

‘महाबळेश्वर गाडी रोज पुकारली. हिला एकदा बसवली नाही.’

“लग्न होऊन एवढी वर्षं झाली,” आई म्हणाली. “मी म्हणायचे, माणसाच्या मनात काहीच नाही. आत नुसतं वेळापत्रक आहे. तू हे दुरुस्त केलंस की बंद होणार ना?”

“हो.”

“मग नको करूस. एका घरात एक फ्रीज बिघडलेला राहिला तर देशाचं काय जाणार आहे?”

देशाचं काही जाणार नव्हतं. केतकीला ते तांत्रिकदृष्ट्याही शक्य होतं. सगळ्या फ्रीजना नवी पाटी पाठवायची आणि हा एक वगळायचा. एका ओळीचं काम. ती ओळ तिनं लिहूनही बघितली. लॅपटॉपवर ती फार निरागस दिसत होती.

सोमवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा फ्रीज भरून वाहत होता.

‘मिरज जत, मार्गे कवठेमहांकाळ, फलाट चार. मिरज अथणी, फलाट सहा. मिरज सांगली विनावाहक, फलाट एक. मिरज चिक्कोडी, फलाट सहा. मिरज तासगाव…’

ओळींमागून ओळी. थांबणं नाही. खुर्चीत उल्हासराव ताठ बसले होते. कपाळावर घाम होता आणि नजर गॅसवर खिळलेली.

“उठल्यापासून असंच चाललंय,” आई घाबरून म्हणाली. “चहा दिला तरी तेच. डोक्यावर परिणाम झाला का गं? डॉक्टरांना बोलवू?”

केतकीला भुसावळच्या सूनबाईंची आणखी एक तक्रार आठवली. कालच आली होती आणि तिला ती वेगळ्याच कशाबद्दल वाटली होती. ‘सासरे स्वयंपाकघरात आले की मनात सारखी रामरक्षा म्हणतात. थकून जातात, पण थांबत नाहीत.’

“परिणाम नाही झाला,” ती म्हणाली. “लपलेत ते.”

“कुठं?”

“तिथंच. दुसरं काही बाहेर पडू नये म्हणून गाड्या लावल्यात पुढं. एकामागून एक. रिकामी जागाच ठेवायची नाही.”

आई पडद्याकडे बघत राहिली. मिरज कागवाड. मिरज म्हैसाळ. माणसाला जगात कुठंही जाता येत नसेल तरी स्वतःच्या डोक्यात जाऊन बसता येतं. उल्हासरावांना आता तिथंही उभं राहायला जागा नव्हती. तिथं स्टँड झाला होता, आणि ते स्वतःच पुकारत होते.

केतकीनं खुर्चीचा ब्रेक काढला, ती ढकलत हॉलमध्ये आणली, कपाटातून टॅब काढला आणि मांडीवर ठेवला. त्याची बॅटरी पूर्ण भरलेली होती. टॅब बराच वेळ कोरा राहिला. उल्हासरावांनी डोळे मिटले. खांदे सावकाश खाली आले. त्या कोऱ्या पडद्यामागं काय चाललंय ते केतकीला दिसत नव्हतं, आणि कालपासून पहिल्यांदाच तिला त्याचं बरं वाटलं.

शेवटी टॅबवर आलं, ‘दम लागला.’

“पप्पा, दुरुस्त करू?”

‘करावे. प्रवाशांच्या सोयीसाठी.’

आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं वाचलं आणि ती आत गेली.

ती निरागस ओळ केतकीनं पुसून टाकली आणि कामाला बसली.

पहिला उपाय सोपा होता. फ्रीजला मागची बाजू नाही ना, मग पालथं व्हायचा हुकूम आला की पुढचा मजकूर सरळ फेकून द्यायचा. तिनं तसं केलं आणि पप्पांना फ्रीजसमोर बसवून पाणी मागायला सांगितलं. पडद्यावर आलं, ‘पा पाण पाणणी णी पा द्या द्यावे वे.’ उल्हासरावांनी डाव्या हातानं कपाळ झाकलं. चिप आपलं कच्चं वाचायला मागं वळत होती आणि मागं काहीच नव्हतं. कच्चं फेकलं की पक्कंही येत नाही. मागची बाजू खरोखर हवीच होती. तिला मेमरी लागणार होती.

“निनाद, फ्रीजमध्ये जागा किती आहे?”

“आहे तेवढीच, मॅडम. एका बाजूपुरती. म्हणूनच गेल्या आठवड्यातल्या अपडेटमध्ये आम्ही दुसरी बाजू काढून टाकली. बाकीची सगळी कोथिंबिरीला दिलीय.”

“कोथिंबिरीला?”

“आतली कोथिंबीर संपली की दारावर जाहिरात येते. हलणारी. वारा सुटल्यासारखी पानं हलतात.”

“त्यातली थोडी पानं कमी करा.”

“पानं मार्केटिंगकडे आहेत, मॅडम.”

मार्केटिंगकडे केतकीनं पत्र धाडलं. कोथिंबीर हा ब्रँडचा आत्मा आहे, असं उत्तर आलं. ती दोन दिवस स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून फ्रीजचा कोपरा न् कोपरा चाचपत राहिली. वेळ दाखवणाऱ्या घड्याळातून थोडी जागा निघाली. दार उघडं राहिलं की वाजणाऱ्या सुरात चार सूर जास्तीचे होते, ते तिनं कापले. कुठंच पुरेना. एकच कप्पा पुरेसा मोठा होता आणि तो कोथिंबिरीच्या नव्हे, पाटीच्याच ताब्यात होता. जुन्या ओळी साठवायचा कप्पा. वैजयंताबाई दुपारी बोट फिरवून वाचायच्या तो. तो दिला तर मागची बाजू बरोब्बर मावत होती.

हे आईला सांगायचं म्हणून ती अर्धा तास वाक्य जुळवत बसली. निम्मं खोडलं. तिच्याही डोक्याला मागची बाजू होतीच.

“म्हणजे मागचं सगळं जाणार,” आई म्हणाली.

“हो. फोटो काढून ठेवतेस का? मी काढून देते.”

वैजयंताबाईंनी जरा वेळ विचार केला. “चोरीच्या मालाचा फोटो काढून काय करू?”

“फ्रीज बंद करून परत चालू करावा लागेल. तासभर जाईल.”

आईनं दूध काढलं, दही काढलं, आमरसाचा डबा काढला, आणि दोन फेऱ्यांत सगळं शेजारच्या मुजावरवहिनींच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवलं. शेवटी कोथिंबिरीची जुडी काढली तेव्हा दारावर पानं हलायला लागली. पानं थांबेपर्यंत ती वाट बघत उभी राहिली. मग बोट फिरवून अगदी वरच्या ओळीपर्यंत गेली, तिथून सगळं एकदा खालपर्यंत वाचलं, आणि ओट्यावरचं ओलं फडकं घेऊन पडदा पुसला. त्यानं अक्षरं जात नाहीत हे तिलाही माहीत होतं. मग तिनंच बटण बंद केलं.

फ्रीज चालू झाला तेव्हा केतकीनं बापाची खुर्ची पडद्याकडे तोंड करून ठेवली.

“पप्पा, आता शशिकांतकाकांबद्दल काहीतरी मनात आणा.”

पडदा कोरा.

“आणलं?”

‘आणले,’ पडद्यावर आलं.

“आणखी आणा. आग्रह करते.”

पडदा कोरा. उल्हासरावांच्या डाव्या गालावर हळूहळू काहीतरी पसरत होतं. पडदा कोराच.

“बास का?”

‘नाही. छान चाललेय.’

संध्याकाळपर्यंत नवी पाटी सगळीकडच्या शीतलक्ष्मींवर जाऊन पोचली. निनादचा फोन आला.

“मॅडम, आता आमच्याकडे चालत नाहीये.”

“काय चालत नाही?”

“फ्रीजवर काहीच दिसत नाही.”

“समोर कोण बसलंय का?”

“नाही.”

“मग बरोबर आहे.”

भुसावळहून दोन शब्द आले, ‘रामरक्षा थांबली.’ पाटीच्या चौघांतल्या तिसऱ्यानं त्याखाली हसऱ्या तोंडाचं चित्र टाकलं. केतकीला पहिल्यांदाच ते योग्य जागी वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकीनं पिशवी भरली. पुण्याची गाडी जेवणानंतर होती. आईनं पप्पांची खुर्ची हॉलमध्ये न्यायला घेतली, तर त्यांनी डाव्या हातानं चाक धरलं आणि मान स्वयंपाकघराकडे केली. तशी ती तिकडे आणली. या वेळी फ्रीज पाठीशी नव्हता, बाजूला होता, दोघांनाही दिसेल असा.

आईनं भात वाढला, वर आमटी घातली. उल्हासराव डाव्या हातानं जेवू लागले. आई आपलं ताट घेऊन समोर बसली आणि भाताकडे बघत जेवू लागली. पडद्याच्या कोपऱ्यात फक्त एक बारकी रेघ लुकलुकत होती, म्हणजे पाटी जागी आहे. केतकी ती रेघ बघत होती. लॅपटॉप पायाशीच होता. मागच्या बाजूला काय लिहिलं जातंय ते तिला एका हुकमात बघता आलं असतं. तिनं पिशवीची चेन ओढली.

रेघ लुकलुकत राहिली. उल्हासरावांचा घास ताटातच थांबला होता. स्टँडवर लांब पल्ल्याची गाडी पुकारण्याआधी ते असेच थांबायचे.

मग पडद्यावर आलं.

‘आमटी बरी झालीय.’

वैजयंताबाईंनी वाचलं. परत वाचलं. “बरी?” त्या म्हणाल्या. “फ्रीज छान म्हणायचा.”

‘फ्रीजला काय कळतंय.’

आईनं त्यांना न विचारता आणखी एक पळी वाढली. त्यांनी नको म्हटलं नाही. मनात काय म्हटलं, ते त्यांचे तेच जाणोत.